जुना संगणक कोणाच्या कामाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित, विनामूल्य आधार थांबवला. तिच्यानंतर आलेली ‘विंडोज ११’ टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा मागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा असावा अशी तिची अट आहे. ज्यांचा एकही भाग बिघडलेला नाही असे असंख्य संगणक त्यामुळे एका तारखेनिशी ‘जुने’ ठरले. कार्यालये आपली यंत्रे बदलतात तेव्हा ती दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा कोलकात्याचे चांदनी मार्केट अशा बाजारांत येतात. त्यांतील एक प्रकार विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विशेष खुणावतो. तो म्हणजे वर्कस्टेशन.

वर्कस्टेशन हा घरगुती संगणकाचा थोरला भाऊ. पुलांचे आराखडे काढणारे अभियंते, चित्रपटांतील दृश्ये रचणारे कलावंत, रेणूंच्या रचनेची गणिते मांडणारे शास्त्रज्ञ यांच्यासाठी तो घडवलेला असतो. त्यात अधिक गाभ्यांचा प्रोसेसर असतो, स्मृतीसाठी अधिक खाचा असतात, आणि स्मृतीतील एखादा बिट चुकून पालटल्यास ती चूक ओळखून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ स्मृती असते. नवे असताना मध्यमवर्गीय घराला न परवडणारे हे यंत्र दहा-बारा वर्षांनी मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागते. मग प्रश्न उभा राहतो : असे कालबाह्य वर्कस्टेशन घरी आणणे व्यवहार्य आहे का?

भारताला हा प्रश्न नवा नाही. या देशाने संगणकयुगात पाऊल ठेवले तेव्हापासून ‘दुसऱ्याने मागे टाकलेले यंत्र आपल्या उपयोगाचे का’ हा प्रश्न कधी प्रयोगशाळेत, कधी विद्यापीठात, तर कधी थेट संसदेच्या समितीसमोर उभा राहिलेला आहे. त्या इतिहासात आजच्या खरेदीदारासाठीही बरेच काही आहे.

आरंभ कोलकात्यात झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीच्या काळात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला प्रचंड आकडेमोड करायची होती. १९५५ मध्ये ब्रिटनहून ‘एचईसी-२एम’ हा संगणक संस्थेत आला आणि १९५६ मध्ये तो काम करू लागला. हा भारतातील पहिला अंकीय संगणक. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील अँड्र्यू बूथ यांच्या रचनेवर आधारलेले हे यंत्र ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने बनवले होते. त्याची स्मृती म्हणजे फिरणारा एक चुंबकीय ड्रम, आणि त्यात मावत अवघे १,०२४ शब्द. त्या काळच्या मापानेही ते लहान, स्वस्त आणि संथ यंत्र होते. अमेरिकेतील मोठे संगणक त्याच्या कितीतरी पुढे गेलेले होते.

तरीही ते उपयोगी पडले. संस्थेने केवळ यंत्र विकत घेतले नव्हते. ते उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची विद्याही मिळवली होती. संस्थेचे अभियंते इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन परतले होते आणि यंत्राची देखभाल त्यांच्याच हाती होती. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाकडून ‘उरल’ हा दुसरा संगणक आला. एक यंत्र ब्रिटिश, दुसरे रशियन. दोघांची रचना निराळी, आज्ञांची भाषा निराळी. अशा दोन परक्या यंत्रांना एकाच छताखाली चालते ठेवणे ही त्या काळात एक मोठी शाळाच होती.

त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. यंत्र बाहेरून आणायचे नाही, स्वतः घडवायचे. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू केले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. फेराइटच्या बारीक कड्यांनी विणलेली त्याची स्मृती ४० बिटांचे २,०४८ शब्द साठवी. आजच्या हिशेबात ती दहा किलोबाइट भरते. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले.

‘टिफ्रॅक’ जन्मतःच जुना झाला होता. तो पूर्ण होईपर्यंत जगात निर्वात नलिकांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा बलाढ्य अमेरिकी संगणक आला आणि त्यानंतर लवकरच ‘टिफ्रॅक’ निवृत्त झाला. केवळ वेगाच्या तराजूत तोलले तर हा सारा खटाटोप व्यर्थ वाटेल. पण त्या काही वर्षांत देशभरातील संशोधकांनी त्याच्यावर आपली गणिते सोडवली, आणि तो घडवणाऱ्या पिढीला संगणक आतून कसा असतो हे पोथीतून नव्हे, तर हातात सोल्डरिंगची लोखंडी घेऊन समजले. जुन्या यंत्राची उपयुक्तता वेगाखेरीज आणखी कशात तरी असते, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

दुसरा पुरावा कानपूरचा. ऑगस्ट १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला भारत-अमेरिका सहकार्य कार्यक्रमातून ‘आयबीएम १६२०’ हा संगणक मिळाला. १९५९ मध्ये जाहीर झालेले हे यंत्र काही त्या काळचे श्रेष्ठ यंत्र नव्हते. त्याच्या मूळ रचनेत बेरीज करणारे स्वतंत्र मंडलच नव्हते. स्मृतीत साठवलेल्या कोष्टकात उत्तर पाहून ते बेरीज करी. पाढे पाठ नसलेल्या मुलाने प्रत्येक वेळी पाटीवरचा पाढा वाचावा, तसा हा प्रकार. परंतु कानपूरने या यंत्राभोवती कडेकोट पहारा बसवला नाही. विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषेत स्वतः आज्ञावली लिहायला, छिद्रित पत्रे स्वतः यंत्रात घालायला आणि चुका स्वतः शोधायला मुभा दिली. देशभरातील अध्यापक आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठी अल्पकालीन अभ्यासवर्ग भरवले गेले. व्ही. राजारामन हे तेव्हाच तेथे रुजू झाले होते. पुढे त्यांच्या पाठ्यपुस्तकांनी भारतातील कित्येक विद्यार्थ्यांना संगणनाचे पहिले धडे दिले. मोजमापात सामान्य असलेल्या यंत्रातून एक असामान्य परंपरा उभी राहिली, कारण यंत्राचे दार उघडे होते.

याच काळात देशात तिसरी एक कहाणी घडत होती, आणि ती या दोन्हींच्या उलट होती.

‘आयबीएम १४०१’ हा संगणक १९५९ मध्ये जाहीर झाला. ट्रान्झिस्टरवर चालणारा, कार्यालयीन हिशेबासाठी नेमका असा तो संगणक जगभर लोकप्रिय झाला. दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली. भारतातही १९६१ पासून ती येऊ लागली. मोठ्या कंपन्या, सरकारी खाती आणि रेल्वेची क्षेत्रीय कार्यालये यांचे पगारपत्रक, मालसाठा आणि हिशेब त्यांच्यावर होऊ लागले. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही नवी मालिका जाहीर केली आणि पाश्चात्त्य ग्राहक हळूहळू भाड्याने घेतलेले १४०१ परत करू लागले. त्या परत आलेल्या यंत्रांतील काही भारतात आणली गेली, मुंबईतील कारखान्यात डागडुजी होऊन नव्याने भाड्याने दिली गेली. नवी पिढी बाजारात येऊन अनेक वर्षे लोटली तरी भारतीय ग्राहक मागच्या पिढीच्या यंत्राचे भाडे भरतच राहिला.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. १४०१ हे यंत्र म्हणून वाईट नव्हते. पगाराचे हिशेब त्यावर बिनचूक होत, आणि भारतातील व्यावसायिक संगणकतज्ज्ञांच्या पहिल्या पिढीपैकी अनेकजण त्यावरच तयार झाले. गोम यंत्राच्या वयात नव्हती, व्यवहाराच्या रचनेत होती. यंत्र ग्राहकाच्या मालकीचे नव्हते. त्याची दुरुस्ती, सुटे भाग आणि तांत्रिक माहिती पुरवठादाराच्या हाती होती. यंत्र केव्हा बदलायचे, हेही बहुतांशी तोच ठरवी. कोलकात्यात संथ ड्रमचे यंत्र संस्थेच्या स्वाधीन होते. इथे संस्थाच यंत्राच्या स्वाधीन झाली.

सत्तरच्या दशकात हा विषय राष्ट्रीय वादाचा झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची तपासणी केली आणि जुनाट यंत्रे आणून भाड्याने देण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. आयबीएमला ते मान्य झाले नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने भारतातील कारभार आवरता घेतला. कंपनी गेली, पण तिची यंत्रे देशातच राहिली. रेल्वेचे हिशेब, कारखान्यांची पगारपत्रके उद्या कोण चालवणार, हा प्रश्न आ वासून उभा राहिला.

त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीवर आली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीएमसी’ने आयबीएमच्या शेकडो यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. ज्या यंत्रांना त्यांच्या जन्मदात्याने सोडून दिले होते, ती भारतीय अभियंत्यांनी चालती ठेवली. एकाच कंपनीच्या यंत्रांना वाहून न घेता निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या गाठी जमा झाला. पुढे दिल्लीत १९८६ मध्ये सुरू झालेली रेल्वेची संगणकीय आरक्षण-व्यवस्था याच ‘सीएमसी’ने उभारली. दुरुस्तीचे ज्ञान हे दुय्यम ज्ञान नसते. नव्या रचनेचा पाया पुष्कळदा त्याच्यावरच रचला जातो.

वर्कस्टेशनचा काळ याच्या पुढचा. १९८२ मध्ये अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे आयआयटी दिल्लीचे पदवीधर. मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याऐवजी प्रत्येक अभियंत्याच्या मेजावर युनिक्स प्रणालीचे, उत्तम पडद्याचे आणि जाळ्याने जोडलेले स्वतंत्र यंत्र असावे, ही त्यामागची कल्पना. सिलिकॉन ग्राफिक्स, डीईसी, एचपी यांनीही अशी यंत्रे काढली. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि हळूहळू प्रयोगशाळांत ती दिसू लागली. त्यांची ताकद किती, हे पुण्याच्या ‘सी-डॅक’ने दाखवून दिले. १९९८ चा ‘परम १००००’ हा महासंगणक सनच्याच अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरांची अनेक यंत्रे एकत्र जोडून उभारलेला होता. वर्कस्टेशनमध्ये असणारा प्रोसेसर महासंगणकाची वीट होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

मग त्या काळातील एखादे स्पार्कस्टेशन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचे ऑक्टेन आज घरी आणले तर काय होईल? पहिली अडचण सुरू होण्यापूर्वीच येते. सनच्या अनेक यंत्रांत सुरुवातीची माहिती आणि जाळ्यातील पत्ता एका चिपमध्ये साठवलेला असतो आणि त्या चिपची बॅटरी तिच्या पोटातच बंद असते. बॅटरी संपली की यंत्र आपली ओळख विसरते. पडद्याची जोडणी आजच्या पडद्यांशी जुळत नाही. डिस्क एससीएसआय पद्धतीच्या, त्यांचा नवा पुरवठा आटलेला. सिलिकॉन ग्राफिक्सने आयरिक्स प्रणालीची यंत्रे बनवणे २००६ च्या अखेरीस थांबवले. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली. आजची संकेतस्थळे मागतात ती सुरक्षित जोडणी त्या काळच्या ब्राउझरला पेलवत नाही. पत्रव्यवहार, बँक, ऑनलाइन व्याख्याने यांसाठी हे यंत्र निरुपयोगीच.

मात्र ज्याला संगणकशास्त्र मुळातून शिकायचे आहे, त्याच्यासाठी हेच यंत्र ‘टिफ्रॅक’सारखे ठरू शकते. नेटबीएसडी ही मुक्त प्रणाली त्यातील अनेक यंत्रांवर आजही चालते. इंटेलच्या यंत्रात संख्येचे बाइट ज्या क्रमाने मांडले जातात, त्याच्या उलट क्रमाने ते स्पार्कमध्ये मांडले जातात; त्यामुळे आपण लिहिलेली आज्ञावली खरोखर कोणत्याही यंत्रावर चालेल की केवळ इंटेलच्या सवयीवर विसंबून आहे, याची परीक्षा तिथे होते. हा उपयोग खरा आहे, परंतु तो अभ्यासाचा उपयोग आहे, संसाराचा नव्हे. दोहोंची गल्लत झाली की पैसे वाया जातात.

बाजारात आज अधिक दिसणारी वर्कस्टेशने याहून अलीकडची, इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांची आहेत. २०१२ च्या सुमाराचे झिऑन ई५-१६२० घेतले तर त्यात चार गाभे आणि ३.६ गिगाहर्ट्झचा वेग आहे; त्याच पिढीतील ई५-२६७० मध्ये आठ गाभे आहेत. अशा यंत्रात साधी एसएसडी बसवली की त्याला नवे तारुण्य लाभते, कारण जुन्या संगणकाचा संथपणा बहुतेकदा प्रोसेसरचा नसून फिरत्या डिस्कचा असतो. सर्व्हरमधून निघालेली ईसीसी स्मृतीही जुन्या बाजारात स्वस्त मिळते. मोठ्या सांख्यिकी तक्त्यांवर काम करणारा, एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारा, त्रिमितीय चित्रे रचणारा किंवा जनुकीय माहितीची जुळणी करणारा विद्यार्थी यांना इतकी स्मृती नव्या यंत्रात घेणे परवडत नाही. त्यांच्यासाठी जुने वर्कस्टेशन हा खरोखर शहाणपणाचा सौदा ठरू शकतो.

पण सौदा दुकानात संपत नाही. तो दर महिन्याच्या वीजबिलात चालू राहतो. ई५-१६२० ची नेमून दिलेली उष्णता-मर्यादा १३० वॅट आहे. २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या एन१०० या चार गाभ्यांच्या लहानशा प्रोसेसरची तीच मर्यादा अवघी ६ वॅट आहे, आणि लेखन, वाचन, व्याख्याने पाहणे अशा दैनंदिन कामांत दोघांतला फरक फारसा जाणवत नाही. हिशेब करून पाहता येईल. समजा, जुने वर्कस्टेशन कामाच्या भरात सरासरी १५० वॅट घेते आणि रोज आठ तास चालते. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. युनिटचा दर आठ रुपये धरला तर महिन्याला २८८ रुपये. सरासरी २० वॅट घेणारा छोटा संगणक तेवढ्याच वेळात ४.८ युनिट, म्हणजे ३८ रुपये खातो. वर्षाचा फरक सुमारे तीन हजार रुपये. तीन वर्षांत नऊ हजार. स्वस्त मिळालेले यंत्र असे हप्त्याहप्त्याने महाग होत जाते. एका अर्थाने १४०१ चे भाडे परत आलेले असते. फक्त ते आता वीज कंपनीला भरायचे असते.

शिवाय ते १५० वॅट अखेर उष्णता होऊनच खोलीत उतरतात. नागपूर किंवा चेन्नईच्या मे महिन्यात ही उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागते. पंख्यांचा आवाज कार्यालयात ऐकू येत नाही, रात्री अभ्यासाच्या खोलीत येतो. वीज खंडित झाल्यावर यंत्र सावरून धरणारा यूपीएसही मोठा लागतो.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पर्यावरण आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ मधील अभ्यासानुसार, त्या काळचा एक मेजावरचा संगणक आणि त्याचा १७ इंची काचनळीचा पडदा बनवण्यासाठी किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्च होत असे. संगणकाच्या आयुष्यातील मोठा खर्च तो पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, हे त्यातून कळते. म्हणून चालते यंत्र भंगारात घालणे ही साधी गोष्ट नव्हे. भारतातील ई-कचरा नियम प्रथम २०११ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या २०२२ च्या नियमांत यंत्रे पुन्हा वापरण्याजोगी करून देणाऱ्या व्यावसायिकांना नोंदणीकृत स्थान मिळाले. आयुष्य वाढवणे हेही कचरा कमी करणेच आहे, ही भूमिका त्यामागे आहे.

मात्र हे पारडेही वापरानुसार झुकते. वरच्या हिशेबातील दोन यंत्रांमध्ये वर्षाला सुमारे ३७५ युनिटांचा फरक पडतो. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे फरक वर्षाला अडीचशे किलोंच्या पुढे जातो. आठवड्यातून दोन-तीनदा मोठे गणित सोडवण्यासाठी चालू होणारे जुने वर्कस्टेशन निसर्गावरचा भार हलका करते. चित्रपट पाहण्यासाठी किंवा केवळ चार फायली साठवण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेले तेच यंत्र तो भार वाढवते.

तिसरी कसोटी आज्ञावलीची. विंडोज ११ नाकारते त्या यंत्रावर लिनक्स सुखाने चालते. ‘सी-डॅक’ने २००७ पासून विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली त्याच कुळातली. पण मुक्त प्रणालीच्या जगातही वय विचारले जाते. २०१० च्या सुमाराच्या झिऑन ५६०० मालिकेला ‘एव्हीएक्स’ हा आज्ञासंच ठाऊक नाही, आणि २०१८ पासून टेन्सरफ्लोची तयार आवृत्ती तोच आज्ञासंच गृहीत धरते. म्हणजे यंत्रशिक्षण शिकण्यासाठी घेतलेले यंत्र पहिल्याच धड्याला अडू शकते. २०२५ मधील रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ही प्रणाली याहून पुढे जाऊन ‘एव्हीएक्स २’ मागते. झिऑन ई५ मालिकेत तो तिसऱ्या आवृत्तीपासून, २०१४ पासून, आला. वर्कस्टेशनसोबत मिळणारी केप्लर पिढीची क्वाड्रो कार्डे नव्या ड्रायव्हरांतून वगळली गेली आहेत. त्यामुळे प्रोसेसरचे नेमके नाव आणि आवृत्ती विचारल्याशिवाय केवळ ‘झिऑन आहे’ या शब्दावर पैसे मोजणे धोक्याचे ठरते. बड्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनमध्ये वीजपुरवठ्याचा भाग आणि त्याच्या जोडण्या पुष्कळदा त्या-त्या कंपनीपुरत्या असतात. तो जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा भाग बसत नाही. हा सुटा भाग गावात मिळतो का, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

या साऱ्यातून व्यवहाराचे उत्तर निघते ते असे. ज्याला लेखन, अभ्यास आणि ऑनलाइन व्याख्याने एवढ्यासाठीच संगणक हवा आहे, त्याने वर्कस्टेशनच्या वाटेला जाऊ नये. जुनाच घ्यायचा तर कमी वीज खाणारा साधा संगणक किंवा लॅपटॉप घ्यावा. ज्याचे काम खरोखर अधिक स्मृती आणि अधिक गाभे मागते, ते काम रोज नसून अधूनमधून असते, आणि ज्याला यंत्र उघडून हाताळायची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी २०१४ नंतरचे वर्कस्टेशन व्यवहार्य आहे. त्याहून जुने युनिक्स वर्कस्टेशन हे ज्ञानासाठी घ्यावे, कामासाठी नव्हे. आणि चार विद्यार्थी किंवा एखादी शाळा मिळून एकच यंत्र वापरणार असतील, तर त्याचे ओझे वाटले जाते आणि उपयोग वाढतो. कानपूरच्या १६२० ने तेच केले होते.

अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आयबीएम १४०१ ची दोन यंत्रे निवृत्त अभियंत्यांनी आणि इतर स्वयंसेवकांनी खपून पुन्हा चालती केली आहेत. छिद्रित पत्रे आजही त्यांतून खडखडत जातात आणि पाहणाऱ्यांना संगणक म्हणजे काय ते उमगते. त्यांच्यावर कोणी पगारपत्रक काढत नाही. ज्या यंत्राच्या भाड्यावरून भारताच्या संसदीय समितीने ताशेरे ओढले, तेच यंत्र तिथे शिक्षक झाले आहे. मधल्या काळात यंत्र काही तरुण झाले नाही. बदल झाला तो एवढाच की आता त्याचे नकाशे, त्याचे सुटे भाग आणि त्याची दुरुस्ती ते वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या हाती आहे. जुन्या बाजारात वर्कस्टेशनवर हात ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने दुकानदाराला किंमत विचारण्याआधी स्वतःला विचारावयाचे ते इतकेच : याचे झाकण आपण उघडू शकतो का, यावर आपल्या गरजेची आज्ञावली चालते का, आणि याचे वीजबिल आपल्याला झेपते का?